पाच नावांचं तिकीट

दत्तानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्याचं कौतुक करायला लागले तर कुणाचा गैरसमज नको. कौतुक मी करणारच आहे, कारण दोन वर्षं त्या माणसाच्या मागं मागं मी निम्मा युरोप हिंडले, आणि एकदाही रस्ता चुकले नाही.

त्याचा पहिला कायदा असा, की गाडी हलल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. पोटात कावळे ओरडत असोत, बाहेर बर्फ पडत असो, कुणी कितीही गयावया करो. डबा दत्ताच्या मांडीवर आणि डब्यावर त्याचे दोन्ही हात. गाडीला हिसका बसला, फलाट मागं सरकायला लागला, की मगच झाकण निघायचं. "आमच्या बापाचा नियम हाय," म्हणायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण चपाती आणि खुरासणीची चटणी त्याच्याच डब्यात असायची, त्यामुळे वाद घालायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आम्ही म्युनिकला शिकायला होतो. मी नाशिकची, दत्ता इगतपुरीचा, शाहीन मालेगावची, कौस्तुभ पुण्याचा. पाचवा माणूस दर वेळी बदलायचा, कारण आमच्या चौघांच्या गोंगाटात दुसऱ्यांदा यायची कुणाची हिंमत व्हायची नाही. पाचवा लागायचाच, कारण तिकीट पाच जणांचं. तिकडं असं एक तिकीट मिळतं: पाच जणांत एक, दिवसभर वाटेल तिथं चढा-उतरा, फक्त जलद गाड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. रडतखडत, प्रत्येक खेड्याला नमस्कार करत जाणाऱ्या गाडीत बसायचं. तिकिटावर पाचही जणांची नावं हातानं लिहावी लागतात. ती दत्ता लिहायचा, ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत. दुसऱ्या कुणी लिहिलेलं त्याला खपायचं नाही. एकदा कौस्तुभनं घाईत खरडलं, तर दत्ता दोन स्टेशनं त्याच्याशी बोलला नाही.

त्याचे वडील रेल्वेत होते. इगतपुरीच्या पुढं एका छोट्या केबिनपाशी उभं राहून जाणाऱ्या गाडीला हिरवा बावटा दाखवायचं त्यांचं काम. दत्ता लहानपणी शाळा सुटली की त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहायचा, आणि बावटा नाही म्हणून नुसता तळहात दाखवायचा. ही सवय तो जर्मनीत घेऊन आला होता. समोरून गाडी आली की हा खिडकीपाशी उभा राहणार आणि तळहात वर धरणार. आम्हाला आधी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण एकदा साल्झबर्गच्या वाटेवर एका इंजिन ड्रायव्हरनं खरंच दोन बोटं वर करून उत्तर दिलं. दत्ता खाली बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "ओळखलं रे त्यानं," एवढंच म्हणाला.

शहरं त्याला कळत नसत. म्हणजे बघायचाच नाही. व्हिएन्नाला आम्ही राजवाडा बघून आलो, पाय मोडायची वेळ आली होती, आणि हा दिवसभर स्टेशनात बसून! विचारलं तर म्हणे, "शहर काय पळून जात नाय. गाडी जाते." प्राग त्याच्या डोक्यात होतं ते तिथल्या स्टेशनच्या जुन्या घुमटामुळे. स्ट्रासबुर्ग म्हणजे काचेचं पोट असलेलं स्टेशन. व्हेनिस म्हणजे उतरल्या उतरल्या पाणी, "आणि रूळ संपलेत, मुग्धा, पुढं रूळच नायत," हे तो ज्या स्वरात म्हणाला होता ना, कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा.

आणखी एक खूळ होतं. निघताना सगळ्यांना म्युनिकच्या स्टेशनात मोठ्या घड्याळाखाली उभं करायचं आणि फोटो काढायचा. घड्याळ दिसलं पाहिजे, पाचही चेहरे दिसले पाहिजेत. शाहीन चिडायची. "अरे, आम्ही काय कैदी आहोत का हजेरी लावायला?" दत्ता हसायचा, डोकी मोजायचा आणि फोटो काढायचा. आम्हाला वाटायचं, रेल्वेवाल्याचा पोरगा, घड्याळाचा सोस असणारच.

पण खरा दत्ता मला कळला तो एका आडस्टेशनावर. तिकडच्या काही गाड्यांची एक तऱ्हा असते. मधल्या एका स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात. पुढचा एका गावाला जातो, मागचा दुसऱ्या. दत्ता आम्हाला चढतानाच बजावायचा, की आपण पुढच्या तुकड्यात, कुणी मागं जायचं नाही. एकदा आमच्या डब्यातला संडास बंद होता म्हणून कौस्तुभ मागं गेला, आणि तेवढ्यात स्टेशन आलं. कडाकड आवाज झाला, गाडी सुटली, आणि साहेब मागच्या तुकड्यात. मोबाइल आमच्यापाशी, तिकीट दत्तापाशी. आम्ही पोट धरून हसत होतो. दत्ता हसला नाही. पुढच्या स्टेशनावर तो आम्हाला तिकीट देऊन उतरला, स्वतःसाठी वेगळं तिकीट काढलं, मागं गेला, आणि चार तासांनी, सगळा दिवस बुडवून, कौस्तुभला घेऊन आला. कौस्तुभ एका फलाटावर बाकावर बसून रडवेला झाला होता. पोरगा मुळात हळवा.

"तो आला असता रे आपला आपला," मी म्हणाले.

"आला असता. पण माणूस मागं ठेवून गाडी नेत नाय आपण."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं जे झालं, त्याला हे वाक्यही जबाबदार आहे. असं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

आता दत्ता आणि आमचं घर. माझ्या वडलांचा नाशिकच्याच अंबड भागात कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, सात पॉवर प्रेस, आणि दिवसभर धाड धाड. गाड्यांसाठी लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग आम्ही दाबून काढतो. दत्ता डिप्लोमा करून तिथं दोन वर्षं कामाला होता. डाव्या अंगठ्याचं नख त्यानं तिथंच प्रेसखाली घालवलं; ते पुन्हा आलं ते मधोमध उभं चिरलेलं. बाबांनीच त्याला पुढं इंजिनिअरिंगला घातलं, नुसतं "शीक" म्हणून नाही, रात्रपाळी लावून देऊन दिवसा कॉलेजला जाऊ दिलं. दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील गेले. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, छत्री म्हणजे शोभेची वस्तू. त्या पावसात बाबा अख्खा दिवस तिथं उभे होते. दत्ता हे कधी विसरला नाही. "मैतीला सगळे येतात. पाऊस थांबेस्तोवर थांबत कोण नाय. काका थांबले."

मुंबईच्या विमानतळावर बाबा त्याला म्हणाले, "दत्ता, पोरगी तुझ्या हवाली."

"शब्द, काका."

मी भडकले. "मी काय पार्सल आहे का?" सगळे हसले. आई तर पदरानं डोळे पुसता पुसता हसली. मीही मग हसले. आमच्याकडे हे असंच बोलतात. पोरगी परगावी निघाली की ओळखीच्या कुणाच्या तरी हवाली करतात, गावच्या एस्टीत बसवताना कंडक्टरच्यासुद्धा करतात. त्याला कुणी खरं मानतं का! मला वाटलं, नाही मानत.

आता गोष्ट येते त्या गावाची. साल्झबर्गच्या वाटेवर एक आडगाव आहे. जानेवारीत एकदा रुळावर झाड पडलं आणि आमची गाडी तिथं तीन तास अडकली. गारठून आम्ही गावात शिरलो. एका कौलारू शेडमधून आवाज येत होता. एकच सूर, लांब, मग थांबायचा, मग जरासा वर. चर्चमध्ये ते बाजाचं धूड असतं ना, ऑर्गन, आपल्या बाजाच्या पेटीचा पणजोबा म्हणा, त्याच्या नळ्या तिथं बनत होत्या. हातानं. मी दारातच उभी राहिले. आत जायला लाज वाटत होती, आणि पाय हलत नव्हते.

"जा की," दत्ता मागून म्हणाला. "तोंड उघडून विचार. मारतील का?" आणि त्यानं मला पाठीवर चक्क ढकललं.

हे नीट लक्षात ठेवा. मला त्या दारातून आत ढकललं ते दत्तानं.

फ्राऊ हुबर म्हणून सत्तरीच्या बाई होत्या, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, हात लोहारासारखे. कथील आणि शिसं मिसळलेल्या पत्र्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी सवयीनं अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाले, पाऊण मिलिमीटर, एका कडेला किंचित कमी. बाईंनी मोजलं. मग माझ्याकडे बघितलं. मग दुसरा तुकडा दिला. लहानपणापासून सुटीत अंबडला पत्र्यांच्या चळतीवर बसून मी काढलेले दिवस. ते कुठं कामाला येतील असं मला जन्मात वाटलं नव्हतं. त्या शेडमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, की मला काहीतरी येतं.

त्यानंतर दर शनिवारी मी तिथं जायला लागले. दत्तानं सगळी आखणी केली. आमच्या सहली एकाएकी पूर्वेकडच्या व्हायला लागल्या, लिंझ, साल्झबर्ग, कारण त्या बाजूच्या गाड्या त्या गावावरून जायच्या. सकाळी नऊला मी उतरायची, ते चौघं पुढं जायचे, संध्याकाळी परतीच्या गाडीला मी फलाटावर उभी. दत्ता दारात उभा असायचा, हातात माझ्या वाटणीची चपाती. चढले की आधी माझी नखं बघायचा, किती काळी झालीत ते. "आज कामगार दिसायलीस," म्हणायचा. माझा पास झाल्याचा कागद बघून कुणी एवढं खूश झालेलं मला आठवत नाही.

"घरी नको सांगू," मी त्याला एकदा म्हणाले. "आत्ता तरी नको. मी सांगेन."

त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "नाय सांगत."

मे महिन्यात फ्राऊ हुबरनी मला विचारलं. सप्टेंबरपासून साडेतीन वर्षं, रीतसर शिकाऊ म्हणून. दर दोन वर्षांनी एकच जागा निघते. मी विद्यापीठातलं मास्टर्स सोडून द्यायचं ठरवलं. तीन पेपर आणि प्रबंध उरला होता, तरी. माझं ठरलं होतं. इतकं काही पक्कं ठरण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची वेळ. त्यांनी करारपत्र दिलं आणि सांगितलं, येत्या शनिवारी बाराच्या आत येऊन समोर सही कर. तू नाही केलीस तर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलवावं लागेल, तारीख माझ्या हातात नाही.

परतीच्या गाडीत मी ते पत्र दत्ताच्या हातात दिलं. कागद माझ्याकडे टिकत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. सहलीत आमचे पासपोर्टसुद्धा त्याच्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये असायचे. त्याचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं. त्यानं सावकाश, बोट फिरवत वाचलं.

"साडेतीन वर्षं?"

"हो."

"आणि डिग्री?"

"सोडणार."

"अंबड कोण बघणार मग?"

"तू बघ," मी हसून म्हणाले. तो हसला नाही. पत्र घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं. शाहीन, कौस्तुभ गाणी म्हणत होते. त्या गोंधळात दत्ता गप्प आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी इतकी खुशीत होते, की मला वाटलं, त्याला माझी आठवण येणार म्हणून वाईट वाटतंय. काय मूर्ख असतो माणूस!

मंगळवारी बाबांचा फोन आला. आईला ॲडमिट केलंय, हृदयाचं काहीतरी आहे, तू निघ. तिकीट त्यांनी काढून ठेवलं होतं. बॅग दत्तानं भरली. विमानतळाच्या गाडीत तो माझ्याशेजारी बसला होता, माझी बॅग पायांत धरून. फ्राऊ हुबरना मी फोन केला. त्या म्हणाल्या, आई आधी. शनिवारी जमलं तर ये. दत्ता ऐकत होता. उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, "काकूंना काय होत नाय. तू पोच फक्त." त्या वेळी मी त्याच्या हाताला धरून रडले होते. हे आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

गुरुवारी दुपारी टॅक्सी नाशिकला, गंगापूर रोडला आमच्या दारात थांबली. दार आईनं उघडलं.

हाताला पीठ लागलेलं. नेहमीची आई. ठणठणीत. माझ्याकडे बघून तिनं जो चेहरा केला, तो चोरी करताना सापडलेल्या माणसाचा होता. मी आधी तिला मिठी मारली. जिवंत आहे, उभी आहे, याचाच आनंद इतका होता, की डोकं चाललंच नाही. मग तिच्या खांद्यावरून मला जेवणाचं टेबल दिसलं. त्यावर करारपत्राचा मोठा रंगीत प्रिंट पसरलेला. बाबांनी त्यावर लाल पेनानं गोल केले होते, कामगारांनी आणलेलं ड्रॉइंग तपासतात तसे.

"हे काय आहे, मुग्धा? सुतारकी? लोहारकी? ह्यासाठी जर्मनीला पाठवलं होतं?"

"तुम्हाला कुठून मिळालं?"

त्यांनी सांगायची गरजच नव्हती. प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात, कागद धरलेला एक अंगठा फोटोत आला होता. नख मधोमध उभं चिरलेलं.

मग बाबांनीच, जणू पुरावा म्हणून, फोन पुढं केला. त्यात दीड वर्षाचे आमचे फोटो. घड्याळाखाली पाच चेहरे. दर शनिवारचा एक. बाबांनी त्याला सांगितलं होतं, कुठं गेलात तर सगळ्यांचा एक फोटो टाकत जा, म्हणजे काळजी नाही. म्हणजे शाहीन चिडून बोलायची ते खरंच होतं. हजेरीच होती ती. फेब्रुवारीपासूनचे शनिवारसुद्धा होते त्यात, मी मधेच उतरून जायचे तेव्हाचे, सकाळचे. म्हणजे तीन-चार महिने त्यानं माझ्यासाठी लपवलं होतं. आणि मग लपवायचं थांबवलं.

शनिवारपर्यंत मी परत जाण्यासाठी जंग जंग पछाडलं. बाबांनी परतीचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं काढलं होतं, आणि ऐन वेळच्या तिकिटाएवढे पैसे माझ्या कार्डावर नव्हते. शनिवारी दुपारी, नाशिकच्या साडेतीनला, तिकडे बारा वाजले. मी गच्चीवर होते. सोमवारी फ्राऊ हुबरचा फोन आला. दुसऱ्या मुलाला घेतलं होतं. बाई चांगल्या होत्या, आईची चौकशी केली. मी काय सांगणार? म्हणाले, बरी आहे.

दत्ताला मी एकच मेसेज केला. 'पत्र तू पाठवलंस?' त्याचं उत्तर लगेच आलं. 'हो. काकांना शब्द दिला होता. हिंडण्यापुरतं लपवलं, आयुष्याचं कसं लपवू? काकू कशा आहेत?'

शेवटचं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. वर हे? जखमेवर मीठ चोळतोय? मी त्याला ब्लॉक केलं.

परत गेले, तीन पेपर दिले, प्रबंध लिहिला. शनिवारी त्यांचं तिकीट आता कुणा नव्या दोघांना घेऊन पाच नावांचं व्हायचं. शाहीन समेट करायला आली होती. तिला मी काही सांगितलं नाही. सांगताना मला आधी रडावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. दत्ता एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर समोर आला. मी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तो बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून, मला वाट करून दिली. प्रबंध संपल्यावर कुठं जायचं हेच कळेना म्हणून मी नाशिकला घरी आले. दत्ता तिकडेच राहिला, नोकरी लागली. गंमत बघा. ज्याला शिकून परत यायचं होतं तो तिकडे आणि जिला राहायचं होतं ती अंबडला, सात प्रेसच्या धाड धाडीत.

बाबांशी मी भांडले का? नाही. हेच तर आहे. सगळा राग दत्तावर काढला. बाप काय, बाप असतो, घाबरतो, खोटं बोलतो, पण मित्रानं? ज्यानं मला त्या दारातून आत ढकललं त्यानं? आणि आई धडधाकट आहे हे माहीत असून माझी बॅग उचलली त्यानं? तीन वर्षं मी रोज बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसून डबा खाल्ला आणि मनातल्या मनात दत्ताला शिव्या दिल्या. सोपं होतं ते.

गेल्या मार्चमध्ये तो आला. मी शेडच्या दाराशी उभी होते, ऊन रणरणत होतं. रिक्षातून उतरला, थोडा सुटलेला, कपाळावर केस विरळ. हातात पेढ्यांचा पुडा आणि लग्नाची पत्रिका. पहिली पत्रिका काकांना द्यायला इगतपुरीहून आला होता. मला बघून थबकला.

"बरी आहेस?"

"आहे."

आत प्रेस चालू होता. मग तो अगदी हळू, जरा चाचरत म्हणाला, "काकूंचं आता कसंय? काका म्हणाले होते, तुझ्यापुढं तो विषय काढायचा नाय, तुला त्रास होतो. म्हणून परत कधी विचारलं नाय. पण इगतपुरीला आमच्या आईनं तेव्हा काकूंसाठी उपास धरलेला."

"दत्ता, आईला काहीही झालं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही नाही. दार तिनंच उघडलं. पिठाच्या हातानं."

त्याला समजायला वेळ लागला. मी त्याचा चेहरा बघत होते. तीन वर्षं मी ज्या गोष्टीसाठी त्याचा सर्वांत जास्त द्वेष केला, ती त्यानं केलीच नव्हती.

"काका खोटं बोलले?" त्यानं विचारलं. "माझ्याशी?"

"दोघांशी."

"मला वाटलं, पत्र बघून ते तुझ्याशी बोलतील. फोनवर. भांडतील. मग तू तुझं ठरवशील. आणि त्यात काकू आजारी पडल्या. मला वाटलं, माझ्याच पत्रानं पडल्या. तीन वर्षं मला तेच वाटतंय."

"पत्र तू पाठवलंसच पण."

"हो. ते मीच."

"नको म्हणाले होते मी."

"हो," तो म्हणाला. माफी मागितली नाही. मी दिलीही नसती. अजूनही दिलेली नाही. पेढ्यांचा पुडा त्यानं माझ्या हातात ठेवला. पत्रिकेकडे बघितलं, त्यावर त्याच्या सरळ, सुट्या अक्षरांत बाबांचं नाव होतं. ती त्यानं शर्टाच्या खिशात घातली, वळला आणि फाटकातून बाहेर गेला. रिक्षा केव्हाच निघून गेली होती. हा उन्हात, डांबरी रस्त्यावरून, कडेकडेनं चालत राहिला. मी हाक मारली नाही.

केबिनमध्ये बाबा चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"दत्ता आला होता ना? आवाज ऐकला मी. आत नाही आला?"

"नाही."

"पत्रिका द्यायला येणार म्हणाला होता."

"आणली होती. परत घेऊन गेला."

"का?"

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आईच्या तब्येतीची चौकशी करत होता," मी म्हणाले. "मी खरं सांगितलं."

बाबांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला. समोरचं ड्रॉइंग उचललं. लाल पेन हातात घेतलं. बराच वेळ त्यांचं पेन कागदाला टेकलं नाही.